फिरत्या बिऱ्हाडातील गॅस

हर्सूलवरून फुलंब्री, सिल्लोड करीत अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्याने सहलीच्या आणि यात्रेच्या ज्या गाड्या धावतात, त्यांपैकी पुष्कळांत पातेली, शिधा आणि सतरंज्या यांच्या गर्दीत एखादा गॅसचा सिलिंडरही आडवा निजवलेला असतो. नवरात्रात हरसिद्धीच्या यात्रेला किंवा नाथषष्ठीला पैठणास जाणाऱ्या मंडळींना वाटेत ताजे अन्न हवे असते, आणि ती अपेक्षा सर्वथा रास्त आहे. तथापि ज्या वस्तूला घरात आपण ओट्याखालची हवेशीर जागा देतो, तिला गाडीत मात्र आसनाखाली किंवा डिकीत, म्हणजे नेमक्या सर्वांत खोल आणि सर्वांत कोंदट कोपऱ्यात डांबतो, हे आश्चर्य होय.

हा कोपरा वर्ज्य का, याचे उत्तर त्या वायूच्या प्रकृतीत आहे. आपल्याकडील सिलिंडरात प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण दाबाखाली द्रवरूपाने भरलेले असते. त्या द्रवाचा वायू झाला की तो सुमारे अडीचशेपट पसरतो, आणि हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असल्यामुळे पाण्याप्रमाणे उतार शोधीत तळाशी साचतो. खिडक्या उघड्या ठेवल्या म्हणजे भागले, ही समजूत म्हणूनच फसवी आहे. खिडकी वर, वायू खाली. हवेत त्याचे प्रमाण शेकडा दोनच्या सुमारास पोहोचले की एक ठिणगी पुरते. पंधरा घनमीटर आतील जागेच्या गाडीचा हिशेब मांडला, तर सातशे ग्रॅमच्या आतबाहेर गळती झाली की ही मर्यादा गाठली जाते. आणि वायू समप्रमाणात न पसरता तळाशीच दाटत असल्याने तेथे त्याहून कमीही पुरते.

मदुरैच्या रेल्वे यार्डात 26 ऑगस्ट 2023 रोजी पहाटे लखनौहून आलेल्या यात्रेकरूंचा डबा उभा असता, नियमबाह्य रीतीने आत आणलेल्या सिलिंडरवर चहा करण्याच्या खटपटीत आग लागली आणि 9 जण दगावले. डबा उभा होता, धावत नव्हता, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. वाहन थांबले म्हणजे धोका टळला असे समजून आपण निर्धास्त होतो, आणि शेगडी तर नेमकी तेव्हाच पेटते.

परदेशी कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची घरे, बांधणाऱ्यांनी या धोक्यावर जी तजवीज केली, ती साधी आणि अनुकरणीय आहे. सिलिंडर गाडीच्या पुढील जोडदांड्यावर, उघड्या हवेत उभा बांधावयाचा. अथवा त्यासाठी असा कप्पा करावयाचा, की ज्याचे दार केवळ बाहेरून उघडते, ज्याचा माणसांच्या खोलीशी हवेचा काडीमात्र संबंध नसतो आणि ज्याच्या तळाला गळालेला वायू रस्त्यावर निघून जाईल अशी भोके असतात. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. तेव्हा ही रचना आता आपल्याही उपयोगाची आहे. असा कप्पा कोणताही जाणता वेल्डिंगवाला करून देईल. मात्र तो सायलेन्सर आणि बॅटरी यांपासून दूर असावा, आणि अगदी मागच्या बंपरवर नसावा. मागून धडक बसली तर पहिला आघात सिलिंडरवर होईल.

सिलिंडर उभाच ठेवण्याचे कारणही असेच सरळ आहे: तो आडवा झाला की वायूऐवजी द्रवच रेग्युलेटरकडे येतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद गाडी भट्टीसारखी तापते, सिलिंडरातील दाब चढतो, यास्तव कप्प्यावर सावली हवी. निघण्यापूर्वी सिलिंडरच्या कड्याजवळील पट्टीवर लिहिलेले अक्षर आणि आकडा पाहावा. ‘B-27’ असे असेल तर चाचणीची मुदत 2027 च्या एप्रिल ते जून या तिमाहीपर्यंत आहे. ‘A’ म्हणजे वर्षाची पहिली तिमाही आणि ‘D’ म्हणजे शेवटची. नळी जोडल्यावर सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा फुगू लागला की गळती समजावी. काडी ओढून गळती शोधणारे महाभाग अद्यापि आढळतात, त्यांच्यापुढे हात टेकावेत. गाडी सुरू होण्यापूर्वी रेग्युलेटर काढून सिलिंडरच्या तोंडावर टोपी घट्ट बसवावी, कारण हादऱ्यांनी सांधे सैल होतात. आणि स्वयंपाक गाडीबाहेरच करावा. बंदिस्त जागेतील ज्योत प्राणवायू खाते आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड मागे ठेवते.

कायद्याचीही एक बाजू आहे. घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर घरच्या स्वयंपाकापुरताच दिलेला असतो. 2000 सालच्या केंद्रीय आदेशानुसार त्याचा अन्य वापर निषिद्ध आहे. प्रवासासाठी 5 किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या दाखल्याशिवाय रीतसर विकत मिळतो, आणि कप्प्यातही तोच नीट मावतो. गळतीची वर्दी देण्यासाठी 1906 हा क्रमांक आहे. पण वास येताच आधी सर्वांना खाली उतरवावे, किल्ली फिरवू नये, दिव्याचे बटण दाबू नये, आणि दूर जाऊनच फोन लावावा. परतीच्या वाटेवर रिकामा सिलिंडर सामानात टाकून देण्याची जी सार्वत्रिक रीत आहे, तीही सोडावी लागेल: रिकाम्या म्हटलेल्या सिलिंडरात वायू उरलेलाच असतो, म्हणून त्यालाही टोपी आणि तोच बाहेरचा कप्पा.