पालिका शिक्षक : पट, पदे आणि कामाचे तास

मुंबई महापालिकेच्या शाळा आठ भाषांत चालतात. तेथील शिक्षकांच्या स्थितीचा आढावा प्रजा फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था माहिती अधिकारातील आकडेवारीवरून घेत आली आहे. शिक्षकांची पदे संचमान्यतेत, म्हणजे शाळेच्या पदमंजुरीत, विद्यार्थ्यांच्या पटावरून ठरतात. पट घसरला की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो. गिरगाव-लालबागच्या मराठी शाळांची खरी दुखरी नस हीच. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीत 30 मुलांमागे एक शिक्षक हवा, रिक्त पदे 10 टक्क्यांहून अधिक नकोत. आठवड्याचे काम तयारीसह किमान 45 तास. जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक वगळता अशैक्षणिक कामांना मनाई आहे. मतदारयादीचे काम मात्र ‘निवडणूक’ म्हणून गळ्यात पडतेच. ते सुट्टीच्या वा अध्यापन नसलेल्या दिवशीच द्यावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2007 चा निकाल आहे.