कचऱ्याची जागा आणि संग्रामपूरचे पाणी

कचरा टाकण्यासाठी जागा शोधावयाची झाली की दप्तरातील नकाशावर प्रथम गायरान पाहिले जाते, मग पड जमीन, आणि तीही नसेल तर एखादी जुनी मुरुमाची खदान. जागा कोणाच्या मालकीची, रस्ता आहे की नाही, वस्ती किती दूर, हे सारे विचारले जाते. त्या जमिनीखाली काय आहे हा प्रश्न बहुधा शेवटी येतो. कित्येकदा येतही नाही. बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात मात्र तो पहिला असावयास हवा. संग्रामपूरला नगरपंचायत झाल्यापासून कचऱ्याच्या शास्त्रशुद्ध विल्हेवाटीची जबाबदारी तिच्यावर आली आहे, आणि या तालुक्यात कचरा डेपोची जागा ज्या दिवशी मुक्रर होईल, त्या दिवशी पाण्याविषयीचा एक दीर्घ मुदतीचा निर्णयही होऊन गेलेला असेल.

या तालुक्याची ठेवण साधी आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस पूर्णा, आणि मधली जमीन डोंगराकडून नदीकडे उतरत गेलेली. सोनाळा-टुनकीच्या बाजूस डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा, वाळूचा व मातीचा जाड थर पायथ्याशी साचला आहे. भूशास्त्रज्ञ त्याला बझाडा म्हणतात. नाल्यांना आलेले पाणी येथे झपाट्याने मुरते. ते खोल जाते, पण गोडे राहते, आणि संत्र्याच्या बागा त्यावरच उभ्या आहेत. दक्षिणेकडे उतरावे तसा पूर्णेचा गाळ लागतो आणि त्याबरोबर खारपाणपट्टा सुरू होतो. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरांचा हा पट्टा आहे. विहीर खणावी, पाणी लागावे, आणि ते ना पिण्याच्या कामाचे ना पिकाच्या, हा तेथील पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव होय.

जागा निवडणाऱ्याला यातून दोन मोह होऊ शकतात. पहिला उत्तरेकडचा. पायथ्याची गोटाळ जमीन दिसावयास वैराण, पिकावयास हलकी, म्हणून स्वस्त. वस्तुतः तेच भूजलाच्या कोठाराचे तोंड आहे. तेथे जे ओतले जाईल त्याला अडविणारा चिकणमातीचा सलग पडदा नाही, आणि भूजलाचा सर्वसाधारण ओघ दक्षिणेकडे, म्हणजे गावांच्या दिशेने आहे. दुसरा मोह अधिक फसवा. दक्षिणेचे पाणी आधीच खारे, त्यात आणखी बिघडावयाचे ते काय, असा युक्तिवाद सहज सुचतो. वान धरणावरून संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांसाठी १४० गावांची पाणीपुरवठा योजना झाली आहे, तेव्हा विहिरीचे पाणी पितो कोण, अशी पुस्तीही त्याला जोडता येते. परंतु नळाला खंड पडला की पावले पुन्हा विहिरीकडे आणि हातपंपाकडे वळतात. जनावरे तर कधीच नळावर नसतात. शिवाय मीठ निराळे आणि शिसे वा कॅडमियम निराळे. खारेपण जिभेला कळते, ही विषे कळत नाहीत.

खारपाणपट्ट्यातील खरी अडचण याहून सूक्ष्म आहे, आणि जागांच्या अहवालांत तिचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा. कचऱ्याच्या ढिगातून पावसाचे पाणी झिरपते तेव्हा कुजलेल्या पदार्थांचा, क्षारांचा, अमोनियाचा व धातूंचा एक काळपट निचरा तयार होतो. तो भूजलात किती पोचला हे ओळखण्याची सर्वांत सोयीची खूण म्हणजे क्लोराइड, कारण ते मातीला चिकटत नाही की वाटेत नाहीसे होत नाही, पाण्याबरोबर जाते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात बॉर्डन येथील लष्करी तळावर १९४० ते १९७६ या काळात कचरा पुरला गेला. पुढे शास्त्रज्ञांनी तेथील वाळूच्या थरातून शेकडो मीटर पसरलेला निचऱ्याचा ओघ शोधून काढला, तो मुख्यतः क्लोराइडच्या आधाराने. तेथील मूळ पाणी गोडे होते म्हणून ते शक्य झाले. पूर्णाकाठी हीच खूण आंधळी ठरते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २५० मिलिग्रॅम क्लोराइड असावे, दुसरा स्रोतच नसेल तर १,००० पर्यंत चालावे, असे भारतीय मानक सांगते. येथील कित्येक विहिरींत ते निसर्गतःच भरपूर आहे. उद्या प्रमाण वाढलेले दिसले तर ते कचऱ्यामुळे की जमिनीच्या खारेपणामुळे, हे कोणी कसे ठरवावे? तक्रारदार गावकऱ्याला उत्तर मिळेल की हे पाणी पहिल्यापासून असेच आहे, आणि ते खोडून काढावयास त्याच्यापाशी कागद नसेल.

म्हणून डेपोपूर्वीच्या पाण्याची नोंद येथे अनिवार्य ठरते. तीही केवळ क्षारांची नव्हे. अमोनिया, पोटॅशियम, सेंद्रिय भार, शिसे, कॅडमियम, क्रोमियम अशा अनेक घटकांची, आणि एका नमुन्यावर न थांबता पावसाळ्याच्या आधी व नंतर घेतलेली.

नोंद नसली म्हणजे संशय कसा फोफावतो याचे उदाहरण शेजारीच आहे. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. पहिला संशय पाण्यावर आला. नमुने तपासले गेले, त्यांत नायट्रेटही अधिक निघाले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखविले. मूत्रपिंडाच्या विकारांनी ज्या पट्ट्यात घरेच्या घरे ग्रासली, तेथे पाण्याविषयीचे भय निराधार म्हणून झटकता येत नाही.

पुण्याजवळच्या उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९८१ पासून शहराचा कचरा तेथे येऊ लागला. खाली अस्तर नाही, वर झाकण नाही, अशा उघड्या ढिगाऱ्यांची वर्षे गेली. विहिरींचे पाणी रंगले, त्याला वास आला, आणि बागायती गावांवर टँकरची वाट पाहण्याची पाळी आली. ढिगाच्या काही भागावर नंतर आच्छादन घातले गेले. विहिरींना मात्र आच्छादन घालून भागत नाही.

संग्रामपूरचा कचरा पुण्याच्या पासंगालाही पुरणार नाही, हे खरे. ओला कचरा वेगळा काढून त्याचे खत केले तर निचराही पुष्कळ घटेल. तथापि लहान संस्थेचा डेपो लहान असला तरी त्याचे अस्तरही बहुधा कागदावरच राहते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी नव्वद सेंटिमीटर जाडीची कमी पाझराची मातीची गादी आणि तीवर दीड मिलिमीटर जाडीचे प्लास्टिकचे अस्तर घालण्यास सांगितले होते. या गादीच्या तळापासून भूजलाची सर्वोच्च पातळी निदान दोन मीटर खाली असावी अशीही अट होती. यातील 'सर्वोच्च' हा शब्द महत्त्वाचा. पाहणी मे महिन्यात झाली तर पाणी खोल गेलेले असते आणि कोणतीही जागा सुरक्षित भासते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते; निर्णय ऑक्टोबरच्या आकड्यावर व्हावा. काळी माती पाणी धरते, तेव्हा तीच अस्तर होईल, या समजुतीवरही विसंबता येत नाही. ओली असता ती घट्ट मिटते हे खरे, पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतूनच खाली उतरतो.

डेपो बंद झाल्यावरही पंधरा वर्षे भूजलाची तपासणी व्हावी, असे याच नियमांत होते. नगरपंचायतीची मुदत पाच वर्षांची, मुख्याधिकाऱ्याची त्याहून अल्प. दप्तर कपाटात राहते आणि किल्ली बदलून जाते. धातूंची तपासणी प्रयोगशाळेकडेच जावी लागेल. परंतु विहिरीची पातळी दोरीने मोजता येते आणि पाण्याची विद्युतवाहकता दाखविणारे छोटे यंत्र शाळेच्या आवाक्यातले आहे. ओघाच्या वरच्या अंगाची एक व खालच्या अंगाच्या दोन-तीन विहिरी ठरवून विज्ञान शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी मे आणि ऑक्टोबरात ही मोजणी करावी, तिची एक प्रत ग्रामपंचायतीत लावावी. तिचे पहिले पान कचऱ्याची पहिली गाडी रिकामी होण्याच्या निदान एक वर्ष आधीचे असावे.