शेणाच्या टाकीत माणूस क्षणात का कोसळतो?

मार्च २०२३ मध्ये बारामती तालुक्यातल्या खांडजला शेण-मूत्राच्या टाकीत एक जण कोसळला. त्याला वाचवायला बाकीचे उतरले आणि चौघांचा जीव गेला. अशी बातमी वाचली की तुम्हालाही वाटत असेल, धडधाकट माणसं इतक्या लवकर कशी जातात?

अशा टाकीत ऑक्सिजन कमी असतो, मिथेन असतो. पण सगळ्यात घातक ठरतो तो हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा वायू.

आपल्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया नावाची ऊर्जाघरं असतात. त्यांच्या आतल्या पडद्यात सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम बसलेलं असतं. (त्याची रचना जपानी शास्त्रज्ञांनी १९९५-९६ मध्ये उलगडली, तीही गोवंशाच्या हृदयातून काढलेल्या एन्झाइमवरून.) त्याच्या गाभ्यात लोह आणि तांबं असतं. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन इथे श्वासातल्या ऑक्सिजनला मिळतात आणि त्याचं पाणी होतं. हे होताना प्रोटॉन पडद्यापलीकडे ढकलले जातात. उजनीत साठलेलं पाणी खाली येताना वीज देतं, तसं हे प्रोटॉन परत येताना एटीपी हे पेशीचं इंधन तयार होतं. आपण वापरतो त्यातला ९० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन या एकाच जागी खर्च होतो.

हायड्रोजन सल्फाइड नेमका तिथेच चिकटतो. मग रक्तात ऑक्सिजन असूनही पेशीला तो वापरता येत नाही. मेंदू आणि हृदय आधी बंद पडतात. प्रमाण जास्त असेल तर एक-दोन श्वास पुरतात.

वास येईनासा झाला म्हणून वायू गेला असं समजू नका. जास्त प्रमाणात नाकच बधिर होतं. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी साचतो, आणि स्लरी ढवळली की एकदम सुटतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. पेटती काडी टाकून तर मुळीच बघू नका, मिथेन भडकतो.

आपला माणूस आत पडलेला दिसताना वर थांबणं किती अवघड आहे, हे मला कळतं. तरी उतरू नका. ११२ किंवा १०१ ला फोन करा, रुग्णवाहिकेसाठी १०८.

या वायूची पकड कायमची नसते. वेळेत बाहेर काढून ऑक्सिजन दिला तर रुग्ण वाचू शकतो. शुद्धीवर आल्यावर मात्र परस्पर घरी नेऊ नका, कारण फुप्फुसात पाणी काही तासांनीही भरू शकतं.