मेलॅनोमा : सोसू नका, सांगा

मेलॅनोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग होय. आपल्याकडे तो पुष्कळदा तळपायावर वा नखाखाली आढळतो. म्हणून गोंदिया जिल्ह्यात धानाच्या बांधीत अनवाणी राबणाऱ्यांनी वाढता काळा डाग काट्याची खूण समजून सोडून देऊ नये.

इम्युनोथेरपी प्रतिकारशक्तीला लागलेला लगाम सैल करते. या शोधाबद्दल जेम्स अ‍ॅलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र मोकळी झालेली ही शक्ती निरोगी आतडे, फुप्फुसे वा यकृतावरही उलटू शकते. कधी उपचार संपल्यावर काही महिन्यांनीसुद्धा.

म्हणून आम्ही रुग्णबंधुभगिनींना व त्यांच्या कुटुंबीयांना विनवितो : जुलाब, धाप वा कावीळ दिसताच नागपूरच्या पुढील तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. वेळीच स्टिरॉइड मिळाल्यास बहुतेक त्रास आटोक्यात येतात.