पायी पाहावे असे स्वामीमलै

प्राग, व्हिएन्ना यांसारख्या युरोपीय राजधान्या पायी हिंडून पाहाव्यात, असे प्रवासी आवर्जून सांगतात. पायी हिंडण्याचा तसाच आनंद देणारे एक लहानसे गाव आपल्या देशातही आहे. तमिळनाडूतील कुंभकोणमपासून सुमारे ८ किलोमीटरवर, कावेरीकाठी वसलेले स्वामीमलै. चोळ राजांची पळैयारै ही राजधानी याच परिसरात होती. तेथील राजवाडे काळाच्या उदरात गडप झाले. चोळकाळी बहरलेली धातुमूर्तींची कला मात्र स्वामीमलैत आजही नांदते आहे.

फेरफटक्याचा आरंभ स्वामिनाथ मंदिरापासून करावा. मुरुगन अर्थात कार्तिकेयाच्या सहा प्रमुख स्थानांपैकी हे एक. पुत्राने येथे पित्याला, साक्षात शिवाला, प्रणवाचा अर्थ सांगितला, अशी आख्यायिका आहे. महाराष्ट्रात स्त्रियांनी कार्तिकेयाचे दर्शन घेण्यावर रूढीची बंधने आहेत. येथे मात्र तो घराघरांतील लाडका देव आहे. ‘मलै’ म्हणजे डोंगर. प्रत्यक्षात हा मानवनिर्मित उंचवटा आहे. वर नेणाऱ्या ६० पायऱ्यांना प्रभव, विभव अशी साठ संवत्सरांची नावे आहेत. आपल्या पंचांगातील हीच नावे पाहून मराठी माणसाला आपल्या जन्मसंवत्सराची पायरी शोधण्याचा मोह होतोच!

मंदिराभोवतीच्या रस्त्यांवर स्थपतींच्या शिल्पशाळा आहेत. नारळाच्या झावळीच्या पट्टीला घड्या घालून मूर्तीची शास्त्रोक्त प्रमाणे ठरवितात. मेण व राळ यांच्या मिश्रणातून मूर्ती घडवितात आणि तिच्यावर कावेरीच्या मऊ गाळाचे लेप चढवितात. साचा तापविला की मेण वितळून वाहून जाते व त्या पोकळीत तप्त धातुरस ओततात. ही ओतण्याची घटका कसोटीची. धार मध्येच तुटली अथवा हवा अडकली, तर कित्येक दिवसांचे श्रम वाया जातात; कारण मेणाची मूळ मूर्ती आता उरलेली नसते. निवाल्यावर साचा फोडावाच लागतो. म्हणूनच एका साच्यातून एकच मूर्ती निघते आणि तिची हुबेहूब जोड पुन्हा मिळत नाही. त्यानंतर छिन्नीने बारकावे कोरतात. २०२३ साली नवी दिल्लीतील ‘भारत मंडपम्’समोर उभारलेली २७ फुटी अष्टधातूची नटराजमूर्ती येथील स्थपतींनीच घडविली. या मूर्तींना भौगोलिक मानांकनही लाभले आहे.

मूर्ती घेण्याचा विचार असल्यास घाई करू नये. मूर्ती ओतीव व भरीव आहे का, हे विचारावे, रीतसर पावती घ्यावी. मूर्ती परदेशी न्यावयाची असल्यास ती पुरातन नसल्याचे प्रमाणपत्र पुरातत्त्व विभागाकडून घ्यावे.

जवळच दारासुरम् येथे दुसऱ्या राजराजाने बाराव्या शतकात उभारलेले ऐरावतेश्वर मंदिर आहे. २००४ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. त्याचा रथाकार मंडप, दगडी चाके आणि धावते अश्व डोळ्यांचे पारणे फेडतात. रेल्वेने तंजावरला गेल्यास भोसल्यांचा वाडा, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरील १८०३ चा प्रदीर्घ मराठी शिलालेखही पाहता येतो.

पावसाळा सरल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत जावे. सकाळी देवदर्शन करावे आणि नंतर शिल्पशाळांत निवांत रेंगाळावे. एका ओतणीवर सारे पणाला लावणारे ते हात पाहिले की, देवघरातील लहानशा मूर्तीकडेही आपण नव्या आदराने पाहू लागतो.