स्तनाचा कर्करोग : लक्षणांची ओळख आणि वेळीच निदानाचे महत्त्व

प्रास्ताविक :

भारतीय स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत स्तनाच्या कर्करोगाचे स्थान आज पहिले आहे. ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात या रोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले, तर सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. वेळीच निदान झाल्यास बरा होण्याची शक्यता मोठी असलेल्या रोगात मृत्यूंची ही संख्या अस्वस्थ करणारी आहे. दुखणे अंगावर काढण्याची सवय स्त्रीला घरातूनच लागते; त्यातून हा रोग आरंभी बहुधा दुखतच नाही. विलंबाचे मूळ येथे आहे.

लक्षणे :

स्तनात किंवा काखेत हाताला लागणारी गाठ हे सर्वाधिक आढळणारे लक्षण होय. ती बहुधा कठीण, ओबडधोबड कडांची व वेदनारहित असते. 'दुखत नाही, म्हणजे काळजी नाही' हा समज नेमका येथेच घात करतो. एका स्तनाच्या आकारात नव्याने पडलेला फरक, त्वचेवरील खळी, संत्र्याच्या सालीसारखी जाडसर झालेली त्वचा, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यावरील बरा न होणारा चट्टा आणि आपोआप येणारा रक्तमिश्रित स्राव हीही दुर्लक्ष न करण्याजोगी लक्षणे आहेत. अंगावर पाजणाऱ्या मातेची गाठ दूध साठल्याची म्हणून सोडून दिली जाते. ती काही दिवसांत न गेल्यास दाखवणे आवश्यक ठरते. (पुरुषांनाही हा रोग क्वचित होतो.)

बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. मात्र तो निर्णय डॉक्टरांची तपासणी, मॅमोग्राफी वा सोनोग्राफी आणि सुईने घेतलेला नमुना यांवरूनच करावयाचा असतो. सुई लावल्याने रोग पसरतो ही भीती निराधार आहे.

मुंबईतील अभ्यास :

मॅमोग्राफीचे यंत्र सर्वत्र नसताना काय करावे, या प्रश्नाच्या दृष्टीने टाटा स्मारक रुग्णालयाचा अभ्यास महत्त्वाचा आहे. १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयोगटातील १,५१,५३८ स्त्रियांचा त्यात समावेश झाला. एका गटातील स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, केवळ हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ५० व त्याहून अधिक वयाच्या स्त्रियांतील मृत्युदर तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी कमी राहिला. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र अशी घट दिसली नाही, आणि सर्व वयोगट मिळून दिसलेली १५ टक्के घट संख्याशास्त्रीय कसोटीवर निर्णायक ठरली नाही. ही मर्यादाही सांगितली पाहिजे.

याउलट शांघाय येथील कापड गिरण्यांतील सुमारे २ लाख ६६ हजार स्त्री कामगारांच्या अभ्यासात केवळ स्वतपासणी शिकवल्याने मृत्यू कमी झाले नाहीत, असे २००२ मध्ये स्पष्ट झाले. स्वतःच्या शरीरातील बदलाची जाण स्त्रीला असावीच. परंतु स्वतपासणीचा तक्ता वाटून कार्य संपले असे मानणाऱ्या शिबिरांनी हा निष्कर्ष ध्यानात घ्यावयास हवा.

केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत तीस वर्षांवरील स्त्रियांची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित सेविकेकडून स्तनतपासणी सुचविलेली आहे. महाविद्यालयांतील महिला विकास कक्षांना ८ मार्चच्या व्याख्यानाबरोबर अशी तपासणी सहज जोडता येईल. त्यासाठी आडोशाची एक खोली, प्रशिक्षित सेविका आणि गाठ आढळल्यास पुढे कोणत्या रुग्णालयात पाठवावयाचे याची आधीच केलेली व्यवस्था एवढे पुरेसे आहे. प्राध्यापिकांइतकीच ती कार्यालयीन सेविका व सफाई कामगार स्त्रियांसाठीही खुली असावी.