वाढते कुटुंब व सार्वजनिक निवास : गणना खोल्यांची की माणसांची?

नागरी निवासाच्या प्रश्नाची चर्चा करताना आपल्या डोळ्यांपुढे बहुधा घर नसलेला मनुष्य असतो. ज्याला घर आहे, परंतु ते आता पुरेनासे झाले आहे, अशा कुटुंबाचा विचार त्या मानाने क्वचितच केला जातो. वस्तुतः संख्येच्या दृष्टीने पाहू गेल्यास दुसरा प्रश्न पहिल्याहून कितीतरी मोठा आहे. केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०१२ साली देशातील नागरी घरांची तूट १ कोटी ८७ लक्ष ८० हजार इतकी धरली. त्यांपैकी १ कोटी ४९ लक्ष ९० हजार, म्हणजे जवळजवळ चार-पंचमांश तूट केवळ दाटीमुळे उद्भवलेली होती. निव्वळ बेघर कुटुंबांचा वाटा ५ लक्ष ३० हजारांचा होता. दाटीची कसोटीही साधीच होती : विवाहित जोडप्यास झोपावयास स्वतंत्र खोली आहे की नाही. ज्या तुटीचा एवढा मोठा भाग मोठ्या घराच्या गरजेतून उत्पन्न झालेला आहे, तिचे निवारण करणाऱ्या आपल्या संस्था मात्र घरांची संख्या मोजतात, घरातील माणसांची नव्हे. या विसंगतीचे स्वरूप मुंबईच्या उदाहरणावरून स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत, १९२० साली, ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हे खाते स्थापन झाले. गिरणी कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याची त्याची योजना होती; प्रत्यक्षात सुमारे १६,५०० खोल्या उभ्या राहिल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथील बी. डी. डी. चाळी त्या याच. इमारती २०७, तळमजला धरून प्रत्येकीस चार मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, आणि खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट. शौचकूप मजल्यागणिक सामायिक. प्रारंभीची काही वर्षे यांतील पुष्कळशा खोल्या रिकाम्याच होत्या, हे आज कोणास खरेही वाटणार नाही. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, खोली देताना कामगाराचे कुटुंब केवढे आहे हा प्रश्न रचनेतच अभिप्रेत नव्हता. सर्व खोल्या सारख्या. त्यामुळे कुटुंब वाढल्यावर मोठ्या खोलीसाठी अर्ज करावयाचा म्हटले, तरी ‘मोठी खोली’ अशी वस्तूच त्या वसाहतीत नव्हती.

मग कुटुंबाने काय केले? त्याने खोलीच्या उंचीचा उपयोग केला आणि पोटमाळा घातला. रात्री पुरुषमंडळी गॅलरीत वा गच्चीवर निजू लागली. नवविवाहितांसाठी पडदा वा फळ्यांचा आडोसा आला. कोणाचे अंथरूण शेजाऱ्याच्या खोलीत गेले. चाळीच्या जीवनातील सहकाराचे जे कौतुक आपल्या साहित्यात व रंगभूमीवर झाले, त्याचा बराचसा भाग या जागेच्या टंचाईने लादलेला होता, असे मला वाटते. या तडजोडींचा भार सर्वांवर सारखा नव्हता. अभ्यास करणारा मुलगा रस्त्यावरील दिव्याखाली जाऊ शके. सून जाऊ शकत नसे.

याउलट इंग्लंडमधील व्यवस्था पाहावी. तेथे दाटीची व्याख्या १९३५ च्या कायद्याने केली आणि ती १९८५ च्या गृहनिर्माण कायद्यात कायम राहिली. तिच्या दोन कसोट्या आहेत. दहा वर्षे व त्यावरील वयाच्या, पती-पत्नी नसलेल्या, भिन्नलिंगी व्यक्तींना एका खोलीत झोपावे लागू नये, ही पहिली. दुसरी क्षेत्राची : एका खोलीस दोन माणसे, दोन खोल्यांस तीन, तीन खोल्यांस पाच, शिवाय खोल्यांच्या क्षेत्रफळाचा वेगळा हिशेब होतो व दोहोंतील कमी आकडा ग्राह्य धरतात. वर्षाच्या आतील मूल गणनेत येत नाही; एक ते दहा वर्षांचे मूल अर्धे धरले जाते. बैठकीची खोलीही झोपण्याची समजली जाते, ही यातील ग्यानबाची मेख.

दोन पुरेशा मोठ्या खोल्यांत पती, पत्नी, आठ वर्षांचा मुलगा व सहा वर्षांची मुलगी राहतात, असे समजू. हिशेब २ + ½ + ½, म्हणजे ३. कायद्याच्या दृष्टीने दाटी नाही. दोन वर्षांनी मुलगा दहा वर्षांचा होताच आकडा साडेतीनवर जातो व मर्यादा ओलांडली जाते. या प्रसंगाची कायद्याला जाणीव आहे. मुलाच्या वाढत्या वयामुळेच दाटी झाली असेल व कुटुंबप्रमुखाने नगरसंस्थेकडे योग्य पर्यायी जागेसाठी अर्ज केला असेल, तर, योग्य पर्यायी जागा देऊ केली असता ती नाकारली नसल्यास, तो दोषी ठरत नाही. म्हणजे कुटुंबाची नैसर्गिक वाढ ही अर्जाचे कारण म्हणून विधिमान्य झाली आहे. पुढे १९६० च्या सुमारास सामाजिक पाहणीसाठी शय्यागृहांचा अधिक उदार निकष तयार झाला. घरवाटपात आज बहुधा त्याच्याच धर्तीवर विचार होतो. अर्थात अर्ज मान्य होणे व घर मिळणे यांत पुष्कळ अंतर आहे. १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना घरे विकत घेण्याचा हक्क मिळाल्यानंतर नगरसंस्थांकडील घरांचा साठा घटला, आणि मोठ्या कुटुंबांना वर्षानुवर्षे यादीत तिष्ठावे लागते. तरीही यादी आहे, आणि ती माणसे मोजते. याच कोष्टकाप्रमाणे आपल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत दोनच माणसे बसतात!

आपल्याकडे मोजमाप वेगळ्याच गोष्टींचे होते. सरकारी नोकरांची निवासस्थाने वेतनश्रेणीनुसार ठरतात. मुले शिकून परगावी गेल्यावर बढती मिळते आणि तेव्हा मोठे घर पदरी पडते. ‘म्हाडा’च्या सोडतीत उत्पन्नगट पाहतात, कुटुंबाचा आकार नव्हे. शिवाय अर्जदाराच्या, त्याच्या पत्नीच्या वा अज्ञान मुलांच्या नावे त्या शहरात मालकीचे घर असता कामा नये. हा नियम न्याय्य आहे, परंतु त्यामुळे झोपडपट्टी पुनर्वसनातून २२५ चौरस फुटांचे घर मिळालेले सात माणसांचे कुटुंब आणि प्रशस्त घराचा धनी हे एकाच पंक्तीत बसतात. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत लहान पक्क्या घराच्या विस्तारास साहाय्य ठेवले होते. पण विस्तार करावयास स्वतःची जमीन हवी. चौथ्या मजल्यावरील खोली कोणत्या दिशेने वाढवावी?

बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासात एका खोलीच्या मोबदल्यात ५०० चौरस फुटांची सदनिका मालकी हक्काने दिली जाते. वरळी येथील पहिल्या ५५६ सदनिकांचा ताबा ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आला. जागा तिपटीहून अधिक झाली, ही लहान गोष्ट नव्हे. तथापि एकक पूर्वीचेच आहे. खोलीत तीन माणसे असोत वा दोन विवाहित भावांची मिळून अकरा, सदनिका एकच. पूर्वी एका भावाने गॅलरीत निजून जो प्रश्न पुढे ढकलला, तो आता मालकीच्या वाट्याचा प्रश्न म्हणून उभा राहण्याचा संभव आहे, कारण भाड्याच्या खोलीपेक्षा मालकीच्या घराची वाटणी अधिक कटू होते. ताब्याच्या वेळी प्रत्येक सदनिकेत किती विवाहित जोडपी राहावयास गेली, आणि पाच वर्षांनी त्यांपैकी किती तेथे उरली, याची नोंद अभ्यासकांनी आताच घेतली पाहिजे. जुनी बिऱ्हाडे एकदा पांगल्यावर ती माहिती जमविणे दुरापास्त होईल.